पैसे भरलेले, वाहिनी बंद: कंपन्यांच्या दरवादात प्रेक्षकाने कुणाकडे बघायचं?

नदीकाठची

१८ फेब्रुवारी २०२३, शनिवार, महाशिवरात्र. त्या दिवशी देशभरातल्या केबलच्या घरांतून डिस्ने स्टार, झी आणि सोनी या तिन्ही कंपन्यांच्या वाहिन्या गेल्या. केबल कंपन्यांच्या एआयडीसीएफ या संघटनेनं साडेचार कोटी घरांना फटका बसल्याचं तेव्हा सांगितलं होतं. आकडा त्यांचा आहे, पण थोडा कमीजास्त धरला तरी मामला किरकोळ नव्हता. मराठी घरांपुरतं बोलायचं तर स्टार प्रवाह, झी मराठी, झी टॉकीज, सोनी मराठी एका दमात गायब. दिल्लीत ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीचा दुसरा दिवस चालू होता. दक्षिण आफ्रिकेत महिलांचा टी-ट्वेंटी विश्वचषक होता आणि त्याच दिवशी आपल्या मुलींची इंग्लंडशी गाठ होती. दोन्ही स्टार स्पोर्ट्सवर.

कारण दरांचं होतं. ट्रायनं, म्हणजे वाहिन्यांचे दरनियम ठरवणाऱ्या सरकारी नियामकानं, नोव्हेंबर २०२२ मध्ये नियम बदलले, नवे दर १ फेब्रुवारीपासून लागू झाले. वाहिनीवाल्यांनी नव्या दरांचे करार पुढे केले, केबल कंपन्यांनी सही करायला नकार दिला, प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेलं. ते तिथे चालू असतानाच दोन दिवसांची नोटीस देऊन सिग्नल तोडला गेला. आठवडा व्हायच्या आत केबल कंपन्यांनी सह्या केल्या आणि वाहिन्या परत आल्या.

बातमीत हे एवढंच आलं. बाकीचं कुणी लिहिलेलं मला दिसलं नाही, म्हणून हा धागा.

माझी आई सांगली जिल्ह्यात गावी एकटी असते. सत्तरीच्या पुढची. मोबाइल साधा, घरात वायफाय नाही. संध्याकाळी सातला दिवा लावून झाला की टीव्ही लागतो. त्या दिवशी पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या आणि चित्र गेलं. तिला वाटलं बॉक्स बिघडला. तिने वायर काढून पदराने पुसली, परत लावली. रिमोटचे सेल बदलले. मग तिला वाटलं आपणच काहीतरी चुकीचं बटण दाबलं, आणि हे मला सांगायला तिला संकोच वाटत होता. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू बोलल्या तेव्हा कळलं की गावातली सगळ्यांचीच केबल तशी आहे. ज्यांच्याकडे डीटीएचची छत्री होती त्यांचं सगळं नीट चालू होतं, कारण त्या कंपन्यांनी सह्या करून टाकल्या होत्या.

महिन्याचे पैसे तिने आगाऊ भरले होते. वाहिन्या गेल्या तेव्हा पैसे परत आले नाहीत, आणि ते मागायचे कुणाकडे हेही तिला ठाऊक नव्हतं. दोन बाजूंमध्ये करार होतो, मोडतो, परत होतो. ज्याच्या पैशावर हे चालतं तो तिसरा माणूस त्या कागदावर कुठेच नाही. मला याचा मनापासून राग आहे. बाकीच्यांचे अनुभव आणि ज्यांना या धंद्यातलं कळतं त्यांची मतं वाचायला आवडतील.

मंजिरी_द

अगदी हेच आमच्या सासूबाईंचं झालं. त्या आठवड्यात त्या रोज नऊच्या आत झोपायच्या. "टीव्हीच नाही तर जागायचं कशाला" म्हणाल्या. आम्ही पुण्याहून फोनवर ॲप टाकून देतो म्हटलं, तर त्यांना फोनच्या पडद्यावर अर्धा तास बघवत नाही, डोळ्यांतून पाणी येतं. "ओटीटीवर बघा की" हे सांगणारे लोक वेगळ्याच घरात राहतात.

तारजोडणी

ताई, मी तालुक्याच्या गावात केबल चालवतो. वीस-बावीस वर्षं झाली. तुमच्या आईंच्या केबलवाल्याने फोन उचलला नसेल तर त्याच्या वतीने मी सांगतो की तो आठवडा कसा गेला.

सकाळी सहाला पहिला फोन. "काल पैसे नेलेस, आज चॅनल बंद." मी सांगतो, वरून बंद आहे. पुढचा प्रश्न ठरलेला: वरून म्हणजे कुठून? आता मी काय सांगणार! माझ्याकडे फक्त फायबर येते. वाहिनी आकाशातून मोठ्या केबल कंपनीच्या हेडएंडला, म्हणजे सिग्नल गोळा करणाऱ्या मुख्य केंद्रात, उतरते, तिथून माझ्याकडे. सिग्नल तोडला मुंबईत, करार अडला दिल्लीत, आणि शिवी खाल्ली मी चौकात. एका म्हाताऱ्या आजोबांनी बॉक्स पिशवीत घालून माझ्या दुकानात आणून ठेवला आणि म्हणाले, तुझा डबा तुला परत. त्यांना डिशवाल्याने दुसऱ्याच दिवशी छत्री बसवून दिली. त्या आठवड्यात गेलेली गिऱ्हाइकं परत आली नाहीत. वाहिन्या परत आल्या, पण माणूस एकदा छत्रीवर गेला की खाली वायरीवर येत नाही.

आता पैशाचं सांगतो, कारण लोकांना वाटतं केबलवाला सगळं खिशात घालतो. तेव्हा जोडणीसाठी गिऱ्हाइकाने महिन्याला द्यायची नेटवर्क फी १३० रुपये, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. (२०२४ मध्ये ट्रायनं ही मर्यादा काढली, आता कंपनी ठरवेल ते.) वेगळा करार नसेल तर त्या १३० चे ५५ टक्के मोठ्या कंपनीला, ४५ टक्के मला, म्हणजे साडेअठ्ठावन्न रुपये. त्यात पोलचं भाडं, फायबर तुटली की जोडणी, पोराचा पगार. १९ रुपयांची वाहिनी घेतलीत तर वितरणाचे किमान २० टक्के, म्हणजे ३ रुपये ८० पैसे, ते पुन्हा आम्ही दोघांनी वाटून घ्यायचे. माझ्या वाट्याला पावणेदोन रुपयेसुद्धा नीट येत नाहीत. बाकीचे वाहिनीचे. मोठ्या कंपन्यांना वेगळी सवलत मिळते, ती माझ्यापर्यंत उतरत नाही.

दर वाढला की दारात उभं राहून "काकू, यंदा तीस रुपये जास्त" हे मला सांगावं लागतं. म्हणून मोठ्या कंपन्या सही करत नव्हत्या तेव्हा मला बरं वाटलं होतं. पण लढाई आमच्या नावावर झाली आणि मेलो आम्हीच.

नदीकाठची

तारजोडणी दादा, मनापासून आभार. ही बाजू आईला वाचून दाखवणार आहे. तिचा राग तुमच्यासारख्यावरच निघाला होता.

जुना हेडएंड

मी एका केबल कंपनीच्या हेडएंडला अनेक वर्षं काढली, आता निवृत्त. आज जे चाललंय ते समजायला थोडं मागं जावं लागेल, कारण एके काळी पैसा उलट्या दिशेनं वाहायचा.

ॲनालॉगच्या काळात वायरीत जागा मोजकी. शंभराच्या आसपास वाहिन्या मावायच्या, तेही कसेबसे, आणि जुन्या टीव्ही संचांना वरच्या वाहिन्या पकडताच यायच्या नाहीत. खालच्या पट्ट्याला आम्ही प्राइम बँड म्हणायचो. तिथलं चित्र स्वच्छ, वरती गेलं की मुंग्या. वाहिन्या शेकड्यांनी निघाल्या आणि जागा तेवढीच. मग वाहिनीवाला केबलवाल्याला पैसे द्यायला लागला: मला घे, आणि खाली घे. ती कॅरेज फी, आणि चांगल्या जागेची प्लेसमेंट फी वेगळी. टीआरपी मोजणारी यंत्रं शहरांत होती, त्यामुळे मुंबई-पुण्याच्या नेटवर्कवर जागा मिळवायला झुंबड. बातम्यांच्या आणि नव्या प्रादेशिक वाहिन्यांचा वर्षाचा मोठा खर्च यातच जायचा. पैसे थांबले की वाहिनी रातोरात प्राइम बँडवरून उचलून वर कोपऱ्यात टाकायची, हे मी स्वतःच्या हाताने केलंय. मॉड्युलेटरची फ्रीक्वेन्सी बदलायला दोन मिनिटं लागायची. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक म्हणायचं, "अमुक चॅनल मुंग्या मारतंय." त्याला कोण सांगणार की हा हप्त्याचा वाद आहे?

मग डिजिटल आलं. १ नोव्हेंबर २०१२ ला मुंबईत, पुढच्या वर्षी पुणे, नागपूर, नाशकासारख्या शहरांत. जागेची टंचाई संपली, कॅरेजचं वजन उतरलं. २०१७ च्या नियमांनी तर मर्यादाच घातली: साध्या वाहिनीला ग्राहकामागे महिन्याला २० पैसे, एचडीला ४० पैसे, आणि नेटवर्कवरच्या पुरेशा ग्राहकांनी ती वाहिनी घेतली की शून्य. २०२० मध्ये एका वाहिनीसाठी महिन्याला कमाल चार लाखांची मर्यादा आली. म्हणजे केबलवाल्याच्या हातातलं शस्त्र गेलं. त्याच काळात वाहिनीच्या हातातलं वाढलं, कारण मोठ्या गटाकडे मालिका, सिनेमा, क्रिकेट सगळं एकत्र. एक बंद केली तर घर ओरडत नाही, तीस बंद केल्या तर ओरडतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये डिस्ने स्टार आणि व्हायाकॉम १८ एक झाले. २०२३ च्या त्या आठवड्यात सिग्नल तोडणाऱ्यांत कलर्स मराठीची कंपनी नव्हती, त्यामुळे मराठी घरात निदान एक मोठी मनोरंजन वाहिनी उरली होती. आता स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी एकाच छताखाली आहेत. पुढचा वाद झाला तर काय उरेल याचा विचार करा.

नोटिशीबद्दलही सांगतो. सिग्नल तोडायच्या आधी तीन आठवड्यांची लेखी नोटीस द्यायची, असं वाहिनी आणि केबल कंपनी यांच्यातल्या व्यवहाराच्या, म्हणजे परस्परजोडणीच्या, नियमांत आहे. वाहिनीवाल्यांचं म्हणणं असं की लेखी करार नसताना सिग्नल देणंच नियमात बसत नाही. दोन्ही वाक्यं नियमातलीच. नियम असा दुतोंडी असला की ज्याच्याकडे बटण आहे तो जिंकतो.

मकरंद_पु

मी जाहिरात क्षेत्रात आहे, वाहिन्यांशी रोजचा संबंध. दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका.

२०१९ मध्ये नवी दरपद्धत आली. लगेच जानेवारी २०२० ला ट्रायनं पॅकेजमध्ये येणाऱ्या वाहिनीची कमाल किंमत १९ वरून १२ रुपयांवर आणायचं ठरवलं. वाहिन्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, जून २०२१ मध्ये निकाल बऱ्याच अंशी ट्रायच्या बाजूने लागला, मग अंमलबजावणी पुढे ढकलत राहिली. या सगळ्यात दर चार वर्षं गोठलेले. त्या चार वर्षांत कलाकारांचं मानधन, स्टुडिओचं भाडं, डिझेल, काहीच गोठलं नव्हतं. मराठी मालिकेचा एक भाग रोज उभा करायला किती माणसं राबतात ते सेटवर येऊन बघा. शेवटी ट्रायनं १९ ची मर्यादा परत आणली, तेव्हा नवे दर मागणं यात गैर काय?

क्रिकेटचंही तेच. २०२२ च्या लिलावात आयपीएलचे पाच वर्षांचे टीव्हीचे हक्क २३,५७५ कोटींना गेले. तो पैसा कुठून तरी वसूल व्हायचाच. ३१ मार्चला आयपीएल सुरू होणार होती, त्याआधी करार हवे होते, हा साधा व्यवहार आहे.

नदीकाठची

मकरंद, दर मागण्यात गैर काही नाही. पाच रुपये वाढवा, दहा वाढवा, आई परवडलं तर घेईल, नाही तर एखादी वाहिनी सोडेल. पण फेब्रुवारीचे पैसे तिने फेब्रुवारीच्या दराने भरलेले होते. तो महिना तरी तिला पूर्ण मिळायला हवा होता की नाही? वाद मार्चपासूनच्या दराचा करा. चालू महिन्यात मधूनच वाहिनी काढून घेता आणि तिने गोंधळ घालावा, केबलवाल्याच्या दारात जाऊन ओरडावं अशी अपेक्षा ठेवता. तिचा त्रास हेच तुमचं दडपण. व्यवहार म्हणून हे मला पटत नाही.

सेटवर राबणाऱ्या माणसांबद्दल आदरच आहे. त्यांचं काम बघायलाच तर ती बसते.

मकरंद_पु

चालू महिन्याचा मुद्दा मान्य. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

एडिसनकर

न्यू जर्सीहून लिहितोय. इकडे हा प्रकार इतका नेहमीचा आहे की लोक त्याला ऋतूसारखं धरून चालतात, आणि ऋतू शरदातला, कारण तेव्हा इथलं अमेरिकन फुटबॉल सुरू होतं.

पार्श्वभूमी थोडक्यात. १९९२ च्या केबल कायद्याने स्थानिक स्टेशनला हक्क दिला की केबल कंपनीने परवानगी घेतल्याशिवाय आमचा सिग्नल पुढे दाखवायचा नाही. त्या परवानगीचे पैसे दर काही वर्षांनी नव्याने ठरतात. करार संपायची मध्यरात्र जवळ आली की पडद्याखाली पट्ट्या धावायला लागतात: तुमच्या कंपनीला फोन करा, त्यांना सांगा आम्हाला सोडू नका. ऑगस्ट २०१३ मध्ये सीबीएस आणि टाइम वॉर्नर केबलचं महिनाभर चाललं, न्यूयॉर्कसह मोठ्या शहरांतली तीसेक लाख घरं. ३१ ऑगस्ट २०२३ ला डिस्ने आणि चार्टर ही केबल कंपनी. १ कोटी ४७ लाख ग्राहक, अमेरिकन ओपन टेनिस ऐन रंगात. ते मिटलं ११ सप्टेंबरला, न्यूयॉर्क जेट्सचा सोमवार रात्रीचा सामना सुरू व्हायच्या काही तास आधी. पुढच्या सप्टेंबरात डिस्ने आणि डायरेक्टटीव्ही, जवळपास दोन आठवडे. तारखा बघा, मिटण्याची वेळ नेहमी मोठ्या सामन्याच्या तोंडावर.

आमच्याकडे सगळ्यात जास्त बोचलं ते २०२५ चं. ३० ऑक्टोबरच्या रात्री यूट्यूब टीव्हीवरून, म्हणजे इंटरनेटवरून वाहिन्या दाखवणाऱ्या गूगलच्या सशुल्क सेवेवरून, डिस्नेच्या सगळ्या वाहिन्या गेल्या, एबीसी आणि ईएसपीएन धरून. सुमारे एक कोटी ग्राहक. ४ नोव्हेंबरला न्यू जर्सीच्या गव्हर्नरची आणि न्यूयॉर्कच्या महापौरपदाची निवडणूक. डिस्नेने निवडणुकीच्या दिवसापुरतं एबीसी परत द्यायचा प्रस्ताव ठेवला, गूगलने नाकारला आणि उलट एबीसी व ईएसपीएन दोन्ही चालू ठेवू असं म्हटलं. झालं काहीच नाही. मतमोजणीची रात्र एबीसीशिवाय गेली. माझे वडील इथे आमच्याजवळ असतात, गेली कित्येक वर्षं चॅनल सातच्या, म्हणजे इथल्या एबीसीच्या, बातम्या लावून बसतात. त्यांना दुसऱ्या वाहिनीवरचे निकाल दिसत होते, पण निवेदक ओळखीचे नव्हते, आणि ते सारखं विचारत राहिले की आपलं सात कुठे गेलं.

मग मी दुकानातून साधा अँटेना आणला, तीसेक डॉलरचा, खिडकीला चिकटवला, आणि एबीसी फुकट आणि स्वच्छ. स्थानिक स्टेशनं हवेतून अजूनही मोफत येतात हे इथल्या निम्म्या देशी घरांना माहीत नाही. ज्यांच्याकडे आईवडील आहेत त्यांनी जरूर आणून ठेवा.

१४ नोव्हेंबरला ते मिटलं. ग्राहकांना २० डॉलरची सूट दिली होती, महिन्याचं बिल ८३ डॉलरच्या घरात असताना. पण ती आपोआप वळती नव्हती. आलेला ईमेल वाचून खात्यात जाऊन मागून घ्यावी लागायची. वडिलांसारख्या माणसाने ते केलं नसतं.

मंजिरी_द

एडिसनकर, अँटेनावरून आठवलं. इकडे डीडी फ्रीडिश घेतलं तर? एकदा डबा-छत्रीचे पैसे, मग महिन्याला काही नाही ना?

जुना हेडएंड

बरोबर, मासिक भाडं नाही. सह्याद्री मिळेल, बातम्या मिळतील, काही मोफत मराठी वाहिन्या मिळतील. पण तुमच्या सासूबाईंच्या मालिका ज्या वाहिन्यांवर आहेत त्या पैशाच्या, त्या तिथे नाहीत. तिथल्या जागाही प्रसार भारती लिलावाने देते, आणि वाहिनीवाल्यांना परवडेनासं झालं की ते उठतात. १ एप्रिल २०२२ ला स्टार उत्सव, झी अनमोल, कलर्स रिश्ते आणि सोनी पल या चारही वाहिन्या तिथून एकदम निघाल्या होत्या. गावाकडच्या लाखो घरांत तेव्हाही असाच शुकशुकाट झाला.

क्रिकेटसाठी मात्र फ्रीडिशचा उपयोग आहे. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचा सिग्नल प्रसार भारतीला द्यावा लागतो. पण ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तो फक्त दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि फ्रीडिशवर दाखवायचा. म्हणून फ्रीडिशवर सामना दिसतो आणि केबलवर लावलेल्या दूरदर्शनवर तोच सामना दिसत नाही. लोक मला अजून विचारतात की केबलवाला मुद्दाम करतो का. नाही करत.

कोकणस्थ मालवणकर

आमच्या वाडीत पावसाळ्यात वायर तुटते ती वेगळीच, त्यामुळे पहिले दोन दिवस कुणाला शंकासुद्धा आली नाही, फेब्रुवारी असूनही. मग दशावताराच्या पारावर चर्चा झाली. मला विचारायचं होतं, परतफेडीचं काही ठरलंय का नियमात? इथे कुणाला मिळाले का पैसे?

तारजोडणी

घेतलेली वाहिनी बंद झाली तर तिची रक्कम बिलातून वजा करायची, हे २०१७ च्या सेवा-दर्जाच्या नियमांत आहे. अडचण पुढे आहे. बहुतेकांनी वाहिन्या सुट्या घेतलेल्या नसतात, पॅकेज घेतलेलं असतं. पॅकेजचे पैसे बॉक्स चालू करताना माझ्या खात्यातून आधीच कापले जातात, ते वरून परत आले तरच मी खाली देणार. माझ्याकडे त्या आठवड्याचे काही परत आले नाहीत. मी माझ्या जवळच्या गिऱ्हाइकांना पुढच्या महिन्यात वीस-वीस रुपये कमी घेतले, ते पदरचे. सगळ्यांना नाही जमलं.

माझं मत विचाराल तर दोन गोष्टी हव्यात. वाद चालू असेपर्यंत जुन्या दराने सिग्नल चालू राहावा, आणि टीडीसॅटने, म्हणजे असे वाद सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाने, दर ठरवला की मागचा फरक त्या दोघांनी आपसात भागवावा. आणि बंद पडलीच तर वजावट सर्व्हरवरच आपोआप व्हावी, गिऱ्हाइकाने मागायला लागू नये, मला विचारायला लागू नये. कुठल्या बॉक्सवर कुठल्या वाहिन्या चालू केलेल्या आहेत हे कंपनीच्या संगणकाला माहीत असतं, मग पैसे मोजायला काय जड आहे?

मकरंद_पु

पहिल्या मागणीला वाहिन्या विरोध करतील, कारण मग केबल कंपन्या वर्षानुवर्षं वाद लांबवत जुन्याच दरात दाखवत राहतील. त्याला मुदत हवी. साठ दिवस, नव्वद दिवस, काहीतरी. दुसरी मागणी मला पूर्ण योग्य वाटते.

नदीकाठची

मुदत चालेल. आणि ज्या तारखेला निकाल लागायचा ती तारीख पडद्यावर मराठीत लिहून आली पाहिजे, निदान पंधरा दिवस आधी, मोठ्या अक्षरात. आईच्या पडद्यावर आलेल्या त्या दोन ओळी इंग्रजीत होत्या. तिला चौथीपर्यंतचं मराठी नीट वाचता येतं. "अमुक कंपनीशी दराचा वाद आहे, तुमचा बॉक्स ठीक आहे" एवढं जरी वाचायला मिळालं असतं तरी तिने वायर पुसत बसायचं टळलं असतं.

तारजोडणी दादा, एक विचारते. आईचं पॅकेज कुठलं आहे आणि त्यात तिच्या न बघण्याच्या किती वाहिन्या आहेत हे कसं बघायचं? ती कधी पावती मागत नाही.

तारजोडणी

रिमोटवर मेन्यू दाबा, बहुतेक बॉक्समध्ये "माय अकाउंट" किंवा "सबस्क्रिप्शन" असतं, तिथे पॅकेजचं नाव आणि संपण्याची तारीख दिसते. नाही दिसलं तर बॉक्सच्या खाली चिकटवलेला नंबर लिहून घ्या आणि केबलवाल्याला द्या, तो त्याच्या मोबाइलवर दोन मिनिटांत पूर्ण यादी काढून देईल. पावती मागणं हा त्यांचा हक्क आहे, संकोच करू नका म्हणावं. आणि वाहिन्या सुट्या घेतल्या तर बऱ्याचदा स्वस्त पडतं, विशेषतः मराठी सोडून काही बघत नसतील तर. आकडेमोड करायची असेल तर यादी इथे टाका, मी करून देतो.

नदीकाठची

रविवारी गावी जातेय. यादी काढून टाकते.